पाठमोरी बाई

धर्मापुरीच्या बायकांनी पहिला महिना मला टीव्ही समजून वागवलं. त्यांना दोष देत नाही. बंद खोलीत एक पडदा आणि पडद्यात एक म्हातारी बोलतेय, म्हटल्यावर कोणालाही तेच वाटणार.

मी राहणारी नेकनूरची. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं कोणी पाठवलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. ब्लाऊज शिवायला सासरी आल्यावर शिकले, आणि नवरा गेल्यावर शिकवायला लागले. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी होत्या. आजूबाजूच्या पोरी यायच्या, सहा महिन्यांत शिकून जायच्या. गावातले लोक मला बाई म्हणायचे. शाळेतल्या मास्तरीणबाईला म्हणतात तसं. चौथी पास बाईला बाई म्हणवून घेणं किती गोड लागतं, ते शिकलेल्यांना कळायचं नाही.

मग बीडच्या बाजारात तयार कपड्यांची दुकानं सुरू झाली. पोरी घरात गाऊन घालायला लागल्या. ब्लाऊजसुद्धा खोक्यात घडी घालून मिळायला लागलं. गावात केबल आली, मोबाइल आले, आणि माझ्या पुढच्या खोलीत येणाऱ्या पोरी कमी होत होत एक दिवस संपल्या. मशिनींवर चादर टाकली. दोन वर्षांत मी परत सगळ्यांची मावशी झाले.

अशा वेळी पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या. त्यांनी नेकनूरला एक डिश बसवली होती आणि दुसरी धर्मापुरीला, परळीच्या पुढं. नेकनूरला बसून बोललेलं धर्मापुरीला दिसायचं आणि ऐकू यायचं. तिथल्या चौदा बायकांना शिवण शिकायचं होतं आणि तिथं शिकवणारं कोणी नव्हतं. एसटीनं जायचं तर बीडला एक गाडी बदला, परळीला दुसरी, म्हणजे दिवस गेला.

मॅडम म्हणाल्या, "तीन महिने शिकवा. शेवटी मी स्वतः धर्मापुरीला जाऊन बघेन. बायका टिकल्या आणि प्रत्येकीनं शिवलेलं ब्लाऊज तिच्या अंगात नीट बसलं, तर हा क्लास पुढंही तुमचाच. नाही जमलं तर आमच्याकडं एक सीडी तयार आहे, ती लावू."

"सीडी शिकवती का?" मी विचारलं.

"सीडी थकत नाही, मावशी," मॅडम हसून म्हणाल्या.

मला ते 'मावशी' टोचलं. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. मला परत बाई व्हायचं होतं, एवढंच.

कॉम्प्युटर चालवायला गावातल्या किराणा दुकानवाल्या वाण्यांची धाकटी सून होती. बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा माझ्याकडंच शिवण शिकली होती. तिनं मला खुर्चीत बसवलं, समोर पडदा, पडद्यावर कॅमेरा, मध्ये टेबल आणि टेबलावर कापड. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, तिच्यात माझं मलाच तोंड दिसायचं. पहिल्या दिवशी मी सगळा वेळ त्या चौकटीकडंच बघून बोलले. मी इतकी सुरकुतलेली आहे, हे मला घरच्या आरशानं कधी सांगितलं नव्हतं.

तिकडं बायका अर्धगोल करून बसलेल्या. मी टेप कशी धरायची ते सांगत होते आणि त्या माझ्याकडं बघत आपापसात बोलत होत्या.

"म्हातारीचं लुगडं बरं हाय गं."

"आवाज किती मोठा हाय! नवरा भिऊन गेला आसंल."

"कानातलं बघ, सोन्याचं हाय का?"

मी टेप खाली ठेवली. "नवरा टायफॉइडनं गेला. कानातलं सोन्याचंच हाय. आणि मला सगळं ऐकू येतंय."

एक किंचाळली. दोघी उठून भिंतीला जाऊन लागल्या. एकीनं पटकन डोक्यावर पदर घेतला. फक्त सगळ्यांत पुढं बसलेली एक जाडजूड बाई जागची हलली नाही. तिनं पडद्याजवळ तोंड आणलं आणि विचारलं, "मंग आदी कावून न्हाई बोललात?"

ही बाई पुढं मला लई पुरून उरली. तिला मी पुढचीच म्हणते.

बायकांना मी ऐकते एवढं तर कळलं, पण तेवढ्यानं भागलं नाही. टीव्हीसमोरून माणूस जसा उठून जातो तशा त्या उठून जायच्या. डाळ शिजायला टाकलीय, पोरगं रडतंय, सासूबाईंनी बोलावलंय. माझ्या घरात कोणी असं उठलं असतं तर दारापर्यंत माझी नजर पोचली असती. इथं नजर जातच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात चौदाच्या आठ झाल्या. चौथ्यात एक दिवस पाचच होत्या, आणि त्यातली एक गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

वाण्यांची सून म्हणाली, "मावशी, असं चाललं तर मॅडम सीडीच लावणार."

मी तिच्यावर खेकसले. पण घरी जाऊन विचार केला. ओरडून उपयोग नव्हता, आवाज बारीक करायचं बटण त्यांच्याकडं होतं. आपण तिथं नाही, हे त्यांना रोज कळत होतं. तिथं असल्यासारखं कसं व्हायचं, हा प्रश्न होता.

एक गोष्ट मला माझी मीच सुधारावी लागली. आवाज तिकडं पोचायला वेळ लागायचा. मी विचारायची, "बाहीचा मुंढा किती घ्यायचा?" आणि लगेच चिडून उत्तरही मीच सांगून टाकायची. त्यांची उत्तरं माझ्या उत्तरावर येऊन आदळायची आणि नुसता कालवा व्हायचा. मग प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे, तोपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं. साठ वर्षांत पाच आकडे गप्प बसायची सवय नव्हती. पण पाच आकड्यांत कोणी ना कोणी बोलायचंच. उत्तर चुकलेलं असलं तरी बोलायचं.

दुसरं म्हणजे हजेरी. नाव घेऊन 'हजर' म्हणायला काय लागतं, शेजारणीनंही म्हणता येतं. मी सांगितलं, जिचं नाव घेईन तिनं आपलं कापड घेऊन कॅमेऱ्यापुढं यायचं, कालची शिलाई दाखवायची, मग बसायचं. त्यात एक शोध लागला. अर्धगोलाच्या टोकाला मला रोज एक कोपर दिसायचं, नुसतं कोपर. बाकी बाई चौकटीच्या बाहेर. मला वाटायचं ही झोपत असेल. हजेरीला ती पुढं आली आणि तिचं कापड बघून मी चष्मा पुसला. टाका असा सरळ, की मशिनीलाही लाज वाटावी.

"तू रोज बाहेर का बसतीस गं?"

पाच आकडे मोजले. पुढची बोलली, "बाई, ती लाजती. तिच्या जावा म्हंतेत, तू टीव्हीत दिसतीस."

"मग दिसू दे की. मधल्या खुर्चीवर बस. उद्यापासून तुझं कोपर नुसतं दिसलं तर गाठ माझ्याशी हाय."

तिसरी गोष्ट एसटीनं केली. पडद्यावर शिलाई दिसायची, पण हाताला लागायची नाही. आणि शिलाई हातालाच कळते. वाण्यांच्या सुनेचे सासरे आठवड्यातून दोनदा बीडला दुकानाचा माल भरायला जायचे. मी सांगितलं, सगळ्यांनी आपापले तुकडे एका पिशवीत भरून परळीहून बीडला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडं पोचवायचे, सुनेचे सासरे ती बीडच्या स्टँडवरून घेतील. पिशवी आली की मी एकेक तुकडा घेऊन बसायची. बरा असेल तिथं खडूनं फुली. वाईट असेल तिथं ब्लेडनं सगळं उसवून टाकायचं, आणि उसवलेला दोरा तसाच लोंबता ठेवायचा. दोन दिवसांनी पिशवी परत.

त्या लोंबत्या दोऱ्यांनी जे केलं ते माझ्या आवाजानं केलं नव्हतं.

"बाई, माझी चार बोटं शिलाई उसवली, तिची एकच बोट कावून?" एक भांडायला आली.

"तिची एकच चुकली म्हणून."

ज्या येत नव्हत्या त्यांनाही कळलं, की म्हातारी आपले तुकडे मांडीवर घेऊन बसते. एकेक परत यायला लागली. पिशवीत कधी शेंगदाण्याची चटणी यायची, कधी धपाटे. चटणी खाऊनसुद्धा मी उसवायचं सोडलं नाही, हे पुढची अजून सांगते.

खंडेनवमीला त्यांनी कात्र्या, टेप, मशीन सगळं पुजलं. मग एकीला वाटलं, बाईलाही पुजलं पाहिजे. तिनं पडद्यावर, माझ्या कपाळावर, हळदीकुंकू लावलं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांना तो टायफॉइडनं गेला एवढं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण गडबडीत ध्यानात राहिलं नसेल. लागलं ते काचेला, मला नाही. पुढं दोन दिवस त्यांच्याकडं माझ्या तोंडावर तांबडा डाग होता म्हणे, कारण ओल्या फडक्यानं पुसायला सगळ्या घाबरत होत्या.

चौदापैकी बारा रोज यायला लागल्या. दोघी बाळंतपणाला माहेरी गेल्या, त्याला मी काय करणार. मॅडम यायला दहा दिवस राहिले आणि शिवलेल्या बारा ब्लाऊजांची पिशवी आली.

मी वरचं उचललं. गळा बरा, बाही बरी, टक्स जागच्या जागी. आणि हुकाची पट्टी डाव्या बाजूला. बायकांच्या ब्लाऊजला हुक उजव्या पट्टीवर असतात, ती पट्टी डावीवर येऊन बसते. हे उलटं. एखादी चुकते, म्हणून बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, ते उलटं. तिसरं उलटं. बाराच्या बारा. कोपरवालीचंसुद्धा, इतकं सुबक आणि पूर्ण उलटं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता क्लास सुरू झाला तेव्हा मी हजेरी घेतली नाही. एक ब्लाऊज कॅमेऱ्यापुढं नाचवलं.

"डोळे फुटले होते का सगळ्यांचे? अंगात ब्लाऊज घालून बसलाय, त्याच्याकडं तरी बघायचं! हुक कोणत्या बाजूला असतो?"

मी पाच आकडे मोजायच्या आत पुढची उठली.

"बाई, तुमीच तं म्हनलात, जुन्या ब्लाऊजकडं बगू नका, टेलरनं कसं बी शिवलेलं आसतंय, मी करते तसंच करा. आमी तसंच केलं."

"मी डावीकडं लावलं?"

"डावीकडंच लावलं! सगळ्याजनी होतो. इचारा."

बारा माना हलल्या. मला संताप आला. मी उजवीकडं लावलेलं मला पक्कं आठवत होतं, कोपऱ्यातल्या चौकटीत बघून लावलं होतं. उजवा हात उजवीकडंच दिसत होता, आरशात दिसतो तसा.

वाण्यांची सून मागून हळूच म्हणाली, "मावशी, मी शिकायला होते तेव्हा तुम्ही आम्हाला कुठं बसवायचात?"

"पाठीमागं. आणखी कुठं? खांद्यावरून बघायला."

"का?"

समोर बसलेल्याला माझी उजवी बाजू डावीकडं दिसते, म्हणून तर पाठीमागं बसवत होते. अठरा वर्षं बसवलं. कॅमेऱ्यापुढं खुर्ची मांडली आणि मीही फोटोला बसल्यासारखी समोरासमोर बसले. माझी चौकट मला आरसा दाखवत होती आणि त्यांना मी समोरून दिसत होते. त्यांनी जे दिसलं ते इमानानं केलं.

मी ब्लाऊज खाली ठेवलं. "चूक माझी हाय," म्हणाले. क्लासमध्ये हे वाक्य मी आधी कधी बोलले नव्हते. "तुमी बरोबर केलं. मी उलटं दाखवलं."

मग पुढची म्हणाली, "मंग बाई, तुमची बोटं कोन उसवनार?"

सगळ्या अशा हसल्या की आवाज फाटला. मलाही हसू आलं. ते दाबायला गेले तर ठसका लागला.

"आन् हे असंच ऱ्हाऊ द्या की," दुसरी म्हणाली. "नवऱ्याला काय कळतंय, हुक कुन्या बाजूला हाय ते."

"तुझ्या नवऱ्याला कळत नसंल," पुढची म्हणाली, आणि परत हशा.

त्या दिवसापासून मी वळले. पडदा माझ्यापुढं स्टुलावर ठेवला, म्हणजे मला त्या दिसायच्या. कॅमेरा मागं, माझ्या उजव्या खांद्याच्या वर, खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. वायर पुरेना, तेव्हा वायर वाढवण्याऐवजी टेबलच मागं सरकवलं. आता त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. माझे हात दिसायचे, कापड दिसायचं, आणि वाकले की अंबाडा मध्ये यायचा. "बाई, अंबाडा!" अशी आरोळी आली की मी मान बाजूला करायची. दहा दिवसांत बारा ब्लाऊजांच्या पट्ट्या उसवून परत लावल्या. एक मिनिट कोणी जागची उठली नाही. डाळी करपल्या असतील तर त्यांच्या घरी.

मॅडम ठरल्या दिवशी धर्मापुरीला पोचल्या. मी नेकनूरला माझ्या जागी होते. पडद्यावर मला खोली दिसत होती. बारा बायका नवीन ब्लाऊज घालून ताठ बसलेल्या, आणि मॅडम पडद्याकडं बघून कपाळाला आठ्या घालून उभ्या. पुण्याहून येऊन त्यांना माझी पाठ बघायला मिळाली होती.

"हे काय? मावशी, तुमचा कॅमेरा फिरलाय."

"फिरवलाय," मी म्हणाले.

"असं चालत नाही. शिक्षिकेचा चेहरा दिसला पाहिजे. चेहराच नसेल तर बाई आपल्यासमोर आहे असं बायकांना वाटणार कसं?"

मी बोलणार होते, पण पुढची आधी बोलली. "मॅडम, चेहरा आमी अडीच म्हैने बगितला. लई रागीट हाय. त्याच्यापक्षा हात बरे."

"पण मावशींचं लक्ष तुमच्याकडं असतं का?"

"शेवटची," मी मान न वळवता म्हणाले, "जांभई नंतर दे. मॅडम आल्यात."

शेवटच्या खुर्चीवरच्या बाईनं तोंड मिटलं. मॅडमनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्या अंबाड्याकडं.

मग त्यांनी एकेकीला उभं करून ब्लाऊज बघितलं. खांदा, बाही, पट्टी. सगळ्यांचे हुक उजवीकडं. तरी त्यांचं समाधान होईना. म्हणाल्या, "हे सगळं मावशींनी सांगत सांगत करून घेतलं असेल. आता मावशी बोलणार नाहीत. कोणीतरी एकीनं माझं माप घ्या आणि कटिंग करून दाखवा."

बायकांनी कोपरवालीला पुढं ढकललं. मला वाटलं, संपलं. ही एवढी लाजरी, मॅडमना हात तरी लावेल का? मी तोंड उघडणार तोच वाण्यांच्या सुनेनं माइकवर हात ठेवला. "मावशी, नाही." मी मांडीखाली हात दाबून बसले. अर्धा तास गप्प बसणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी भोगलं.

कोपरवालीनं टेप घेतली. छाती, कंबर, बाही. एक खांदा मापला, मग दुसरा. परत पहिला मापला. आणि बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचा उजवा खांदा खाली हाय. जड पिशवी त्याच खांद्याला आडकवता का?"

मॅडम थबकल्या. त्यांची पर्स खरंच उजव्या खांद्याला होती.

"तुमच्या टेलरनं दोनी बाजू सारक्या कापल्या. म्हनून तुमचा गळा घसरतो आन् तुमी सारका वर वढता." तिनं कागदावर उजवा मुंढा वेगळा आखला आणि कापला.

हे मी शिकवलं नव्हतं. बाहेर बसून कोपर दाखवत असताना ती काय काय बघत होती, देव जाणे. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला, की मला आधी का नाही सांगितलं.

मॅडमनं कागद उचलून खांद्याला लावून बघितला. मग खुर्ची ओढून बायकांच्यात बसल्या. "पुढच्या बॅचसाठी किती बायका आहेत?"

"माझ्या गल्लीतल्याच नऊ हायेत," पुढची म्हणाली. "पर त्यांना बाई पायजे, सीडी नको."

"बाईच राहतील," मॅडम म्हणाल्या. तोंडानं 'बाई' म्हणाल्या, मी कान देऊन ऐकलं. "पण माझी एक अट आहे. रोज सुरुवातीची पाच मिनिटं चेहरा दाखवायचा."

मी म्हटलं, पाच मिनिटांनी कोणी मरत नाही. कबूल.

नवी बॅच दिवाळीनंतर सुरू झाली. वीस बायका होत्या. नव्या, घाबरलेल्या, काही पडद्याकडं बघून पदर सावरणाऱ्या. तिकडची व्यवस्था बघायला मॅडमनं पुढचीला नेमलं होतं. मी कबूल केल्याप्रमाणं कॅमेऱ्याकडं तोंड करून बसले होते.

पुढची उठली आणि टेपनं माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्या आपल्या बाई. तोंड नीट बगून घ्या, पाच मिन्टांनी दिसायचं न्हाई. ह्यांना तिकडनं सगळं दिसतंय आन् सगळं ऐकू येतंय. गवार घरी मोडायची."

"झालं का तुझं?" मी विचारलं.

"झालं, बाई."

"मग शिवायचं कापड पुढं घ्या," म्हणाले, आणि खुर्ची वळवली.